भाऊ, त्या दिवशी येत नव्हतं

भाऊ, तुमचा कीबोर्ड अजून मागच्या अंगणात बाजेवरच पडून आहे. उचलायला दोनदा गेले आणि तशीच परत आले. उचलताना एखादं बटण दाबलं जाईल, दुकानातल्या लॅपटॉपवर एखादं अक्षर उमटेल आणि मी सवयीनं ओरडेन, "आनते जी चहा!" मग कोणाला देऊ तो चहा?

परवा तुमची तेरवी झाली. मंडप सुटला, भांडी गेली, पाहुणे आपापल्या बसला लागले. सगळे म्हणाले, भाऊंचं सोनं झालं. कोण म्हणालं, भाऊंच्या टायपिंग क्लासमुळे मी कचेरीत लागलो, कोण म्हणालं, भाऊंची पट्टी खाल्ली म्हणून आज चार घास खातो. खरंच आहे ते. त्यात मला भर घालायची नाही. मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे, जी तुम्ही बाजेवर बसलेले असताना बोलायला माझी जीभ उचलली नाही. तुम्ही तुमच्या पोरीसाठी, कुंदासाठी जे लिहिलंत ना, त्या साडेतीन पानांची गोष्ट.

पण थांबा, एकदम नाही सांगवत. तुम्हीच म्हणायचे, आधी बोटं जागेवर ठेव, मंग चालव.

अठरा वर्षांची होते मी. बारावी नापास, बापानं म्हटलं, शालूला काहीतरी शिकवा नाहीतर धानाच्या रोवणीला जाईल. गावाहून बसनं ब्रह्मपुरीला यायचे. तुमच्या समोरच्या खोलीत सहा मशिनी, आणि त्या सहाही एका वेळी वाजायला लागल्या की बोललेलं ऐकू यायचं नाही. पहिल्याच दिवशी मी बटणांकडे वाकून वाकून पाहत होते. तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या दोन्ही हातांवर टाकला. "आता मार." म्हटलं, "दिसत नाई जी भाऊ." तर म्हणे, "डोयानं टायपिंग होते काय कधी? डोया कागदावर, अन् बोट आपल्या घरी." महिनाभर त्या दुपट्ट्याखाली रडले मी. एक अक्षर चुकलं की पान फाडायचं आणि नवं लावायचं. खोडायचं नाही. खोडरबर क्लासात आणलं तर तुम्ही ते मागच्या विहिरीत टाकायचे. विहीर उपसली तर आजही निघतील बाप्पा!

आणखी एक सवय तिथलीच. बोलताना मी मले-तुले म्हणते आणि लिहायला बसले की मला-तुला. आताही बघा ना, तुमच्याशी बोलते आहे पण बोटं कचेरीची भाषा लिहीत आहेत.

मग मशिनी गेल्या. कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडला. तुम्ही चिडाल वाटलं होतं, पण तुम्ही मला बोलावून समोरची खोली दिलीत. म्हणालात, "मशीन जाऊ दे. पन ह्या खोलीतली खटखट बंद नको होऊ देऊ." तेव्हापासून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान तिथं आहे आणि मागे तुमचं घर, तुमची विहीर, तुमची बाज.

काचबिंदूनं तुमचे डोळे हळूहळू नेले. शेवटी उजेड आणि अंधार, एवढंच समजायचं. मी रडायला लागले तर मलाच हसलात. "रडते काऊन? तुह्या हातावर टाकला होता, आता देवानं माह्या डोयावर दुपट्टा टाकला. शिकला-सवरला मानूस हावो मी, भेत नाई."

आता कीबोर्डाचं. माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला, तीन बटणं मेली. दुरुस्तीवाला म्हणाला, कशाला उघडता, बाहेरून वायरलेस कीबोर्ड लावा. आणला. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढी एक गोळी खुपसायची, की झालं, वायर नाही, काही नाही. मी लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवून दोन ओळी मारल्या आणि मागून तुमचा आवाज आला, "कोनती मशीन आनली वं?" भिंत धरत धरत तुम्ही दुकानात आलात. हात पुढे केलात. मी कीबोर्ड दिला. तुम्ही तो मांडीवर घेतलात आणि दोन्ही हातांची पहिली बोटं फिरवत फिरवत नेमकी त्या दोन बटणांवर आणलीत, ज्यांवर बारीकशी रेघ उठलेली असते. मी एवढी वर्षं ह्या धंद्यात आहे, मला त्या रेघा कधी दिसल्या नव्हत्या. तुम्ही कितीतरी वेळ तिथंच बोटं घासत राहिलात. म्हणालात, "ज्यानं हे बनवलं त्यानं आमच्यासारख्याचा इचार केला पाह्य."

मी लॅपटॉपमध्ये जुन्या मशीनसारखी बटणांची मांडणी लावून दिली. मग काय! तुमची बोटं सुटली ती सुटलीच. फक्त ओळ संपत आली असं वाटलं की तुमचा डावा हात वर उठायचा, जुन्या मशीनची गाडी ढकलायला. हवेतच ढकलायचा. मी म्हणायचे, "भाऊ, ओय आपली आपन खाली येते आता." तुम्ही म्हणायचे, "आपलं आपन काई खाली येत नाई पोरी, ढकलाच लागते." आणि ढकलत राहिलात, शेवटपर्यंत.

एक दिवस कीबोर्ड घेऊन तुम्ही मागच्या अंगणात बाजेवर जाऊन बसलात आणि तिथून मारायला लागलात. पंधरा पावलं, मध्ये दोन भिंती, तरी अक्षरं दुकानात उमटत होती. विहिरीच्या पलीकडे गेलात की गळायची. म्हणून तुम्ही दर चार ओळींनी ओरडून विचारायचे, "येऊन राह्यलं काय?" आणि मी दुकानातून ओरडायचे, "येऊन राह्यलं जी!" दिवसातून वीस वेळा. समोरचा पानठेलेवालासुद्धा शिकला होता. मी दुकानात नसले तर तोच ओरडायचा, येऊन राह्यलं म्हणून, लॅपटॉप बंद असला तरी.

आणि तो तुमचा चावटपणा! कीबोर्ड तुमच्याकडे, म्हणून मी लॅपटॉपची मेलेली तीन अक्षरं माऊसनं टिपत एका बाईचा रहिवासी दाखल्याचा फॉर्म भरत होते. गावाचं नाव टाकायच्या रकान्यात आपोआप उमटलं, "शालू चहा केव्हा". बाई घाबरली. म्हणे, बाई, मशिनीत भूत हाये काय? म्हटलं, हो, मागे बसलं आहे, बिनसाखरेचा पिते. त्यानंतर तुम्हाला नादच लागला. "गिऱ्हाइक गेलं काय", "आज भाजी कायची", "कोंबडी विहिरीवर बसली, हाकल". एकदा तर एका पोराच्या परीक्षेच्या अर्जात 'विशेष प्रावीण्य' ह्या रकान्यात "पोटात कावळे" असं गेलं आणि मी ते न बघता पाठवलं. सांगितलं नव्हतं तुम्हाला. त्या पोराचं हॉलतिकीट आलं, काळजी करू नका.

आपलं भांडण एकच, मागे जायच्या बटणाचं. चुकलं की मागे जाऊन पुसायचं, हे तुम्हाला पटलंच नाही. म्हणायचे, "पुसून पुसून मानूस बेईमान होते." मी म्हणायचे, "एका अक्षरासाठी अख्खं पान फाडनारा मानूस घर फाडते." एकदा रागाच्या भरात बोलून गेले. तुम्ही कीबोर्ड बाजूला ठेवलात. मी कोणाबद्दल बोलले ते तुम्हाला समजलं होतं.

कुंदाबद्दल. तुमच्या कुंदाबद्दल. वडशाच्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीतल्या नाटकांच्या सीझनआधी संहिता टाईप करायला तुमच्याकडे पाठवायच्या. तुम्ही मूळ प्रतीखाली तीन कार्बन लावून मारायचे, आणि कुंदा लहानपणापासून टेबलाखाली बसून वाया गेलेली पानं वाचायची. पोरीला सगळी नाटकं पाठ. नायिकेचं रडणं, सासूचं भांडण, सगळं. एखादा चांगला संवाद आला की तुमची मान डुलायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तोच संवाद तुमची पोरगी वडशाला जाऊन मंचावर उभी राहून बोलली तेव्हा तुम्ही म्हणालात, ती मले मेली. आपल्याकडच्या पोरी तेव्हा नाटकात जात नव्हत्या, नट्या नागपूरहून यायच्या, लोक तोंडावर बोलायचे, हे मला मान्य. पण बावीस वर्षं भाऊ? अर्ध्या तासाच्या बसवर राहणारी पोरगी! ती दिवाळीला यायची, बाईंना, तिच्या आईला भेटायची, आणि तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसायचे. बाई गेल्या, मग तेही तुटलं. डोळे गेल्यावर एकदा भेटायला आली तर तुम्ही एवढंच विचारलं, "जेवली काय?" ती हो म्हणाली आणि गेली. नंतर मी तुम्हाला म्हटलं, दोन शब्द बोलला असता तर काय झालं असतं? तुम्ही म्हणालात, "तोंडानं नाई जमत मले. बोटानं जमते."

म्हटलं, मग बोटानं बोला.

त्याला तुम्ही सहा महिने लावलेत. धान कापून झाले होते, दुपारचं ऊन अंगणात आलं होतं. जेवून तुम्ही म्हणालात, "शालू, कोरं पान उघड. कुंदाले लिहून राह्यलो. अन् तू पाहू नोको. तुले माई शप्पथ, स्क्रीनकडं पाठ कर." मी पान उघडलं आणि खरंच पाठ केली. खटखट सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला भाऊ, आनंदानं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पेनड्राइव्ह घेऊन, बस सुटते म्हणून घाईला आलेलं. माझ्या लॅपटॉपला दोनच भोकं चालतात, एकात प्रिंटर, एकात तुमची गोळी. मी न बघता बटणानं तुमचं पान खाली लपवलं, हातानंच चाचपून गोळी काढली आणि पेनड्राइव्ह लावला. मनात म्हटलं, दोन मिनिटांत परत लावते. छापून दिलं. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं. आणि मागून तुमचा आवाज आला, "येऊन राह्यलं काय?"

मी म्हटलं, "येऊन राह्यलं जी!"

हेच सांगायचं होतं, भाऊ. येत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. तोंडाला सवय लागली होती, ती बोलून गेली.

दीडला बसलात ते साडेतीनला उठलात. मधून मधून मी दारातून तुमच्याकडे पाहत होते, स्क्रीन बघायची शपथ होती, तुम्हाला बघायची नव्हती. एकदा तुम्ही हसलात. एकदा मारता मारता थांबलात आणि दुपट्ट्यानं डोळे पुसलेत. मग इतक्या जोरानं मारायला लागलात की बाज कुरकुरायला लागली. एकदा पाणी मागितलंत, ते मी नेऊन दिलं. उठलात तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. म्हणालात, "झालं. हलकं वाटून राह्यलं बावा. जपून ठेव. मी गेल्यावर तिले देजो, आधी नाई."

मी लॅपटॉपशी आले. गोळी टेबलावर, स्टेपलरच्या शेजारी. लपवलेलं पान वर काढलं, त्यावर एक ओळ आणि अर्धी. "चि. कुंदास अनेक आशीर्वाद. तू म्हणशील, बुढ्याले आता बावीस वर्षांनी". बस.

आणि नेमकं तेव्हाच तुम्ही मागून विचारलंत, "किती पानं झाली वं?"

"साडेतीन," मी म्हटलं.

"मले चार वाटली होती," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी दोन वाढणी भात जास्त खाल्लात.

काय सांगणार होते मी? उद्या सांगू म्हटलं. उद्या आला तर तुम्ही शीळ घालत होतात. तुम्हाला शीळ घालता येते हे मला त्या दिवशी कळलं. आडून आडून विचारलं, "भाऊ, कुंदाले आखीन काई लिहाचं राह्यलं काय?" तर म्हणे, "सारं लिहिलं. दोन-दोन खेपा कोन लिहिते?" आणि वरून माझ्या फोनवरून तिला फोन लावायला लावलात. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती हॅलो म्हणाली आणि तुम्ही घाईघाईनं म्हणालात, "तुह्यासाठी लिहून ठेवलं. शालूपाशी हाये." आणि फोन माझ्या हातात कोंबून आत निघून गेलात. तिकडे कुंदा नुसती "बाबा? बाबा?" करत होती. मी म्हटलं, ये ना तू भेटायला. ती म्हणाली, आता सीझन आहे, रोज प्रयोग आहेत, संपला की येतेच. सीझन संपायच्या आधी तुम्ही संपलात.

तुमच्या मातीला लोक तुमच्याकडे कमी आणि कुंदाकडे जास्त बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दहाव्याला नाही, तेरवीलाही नाही. बायका कुजबुजल्या, मंचावर घागरी रिकाम्या करते आणि बापाला एक थेंब नाही. मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी काय केलं ते सांगू? दुकानाचं शटर ओढलं आणि ती अर्धी ओळ पूर्ण करायला बसले. तुमच्यासारखं लिहिता येतं मला. पंचवीस वर्षं तुमच्याखाली काढली आहेत, तुमचं मारणं-थांबणं सगळं बोटात आहे. अर्धं पान झालं. चांगलं झालं होतं भाऊ, तुम्ही वाचलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, आपणच लिहिलं. मग मी लिहिलं, "पोरी, मले माफ कर." आणि थांबले. तुम्ही लिहिलं असतं का हे? की उलट, मीच तुले माफ केलं असं लिहिलं असतं? की नाटकाच्या संवादांबद्दलच लिहिलं असतं दोन तास? मला माहीत नाही. पंचवीस वर्षं तुमच्या घरात काढून मला एवढंही माहीत नाही. मागे जायचं बटण दाबून धरलं आणि सगळं पुसलं. त्यावर तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

परवा सगळे गेल्यावर कुंदा दुकानात येऊन खुर्चीवर बसली. संध्याकाळी सिंदेवाहीकडे प्रयोग होता, जीप यायची होती. म्हणाली, "दे शालू. बाबाचं."

मी तिला ते एक पान दिलं. एक ओळ आणि अर्धी. आणि सगळं सांगितलं. गोळी, पेनड्राइव्ह, येऊन राह्यलं जी, साडेतीन पानं, सगळं. म्हटलं, मार मला. शिव्या दे. तुझ्या बापानं आयुष्यात एकदा तुझ्याशी बोलायचं ठरवलं आणि ते मी सांडलं.

तिनं पान उलटून मागची बाजू पाहिली. कोरीच होती. मग विचारलं, "किती वेळ मारून राह्यले होते?"

"दीडपासून साडेतीनपावतर."

"दोन तास?"

"हो."

"मंधात उठले?"

"नाई. पानी मागतलं एकदा. बाजेवरच."

"हासले म्हनते?"

"एकदा."

"अन् रडले?"

"डोये पुसले. मग लय जोरानं मारून राह्यले होते."

ती ते पान मांडीवर ठेवून बसली. एका हातानं त्याची घडी घालायची, पुन्हा उलगडायची. म्हणाली, "अख्ख्या जन्मात ते माह्यासंगं दोन तास बोलले नाई वं शालू." आणि फुटली. भाऊ, मंचावर रडतात तसं नाही, तोंड वाकडं करून, नाक गळत, लहान पोरीसारखी. माझ्या गळ्यात पडून. मीही कुठली थांबते!

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. एकदा, दोनदा. मी उठायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"थांब म्हन त्याले," ती म्हणाली. "माहे बाबा बोलून राह्यले."